हळदीला पाणी आलं आणि आबांचं डायलिसिस होतं, माझा अनुभव

आमचं गाव राधानगरीच्या थोडं अलीकडं, कोल्हापूरहून येताना हळदी गाव, भोगावती कारखाना, कौलव मागं टाकून पुढं. आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, डायलिसिस कोल्हापुरात असतं, सोमवार आणि गुरुवार, सकाळी सातचा स्लॉट. म्हणजे वर्षातून शंभरवेळा तरी मी या राज्यमार्गावरनं जातो-येतो, आणि खरं सांगायचं तर आठ महिने हा रस्ता किती नदीला धरून आहे ते जाणवतच नाही, उसाचे फड मधी असतात, भोगावती नदी कुठंतरी पलीकडं दिसते न दिसते. जुलै आला की मग कळतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बुधवारी दिवसभर धो धो पाऊस. तारळे, शिरगाव, राशिवडे, हळदी हे भोगावतीवरचे बंधारे आधीच पाण्याखाली गेले होते, पण ते दरवर्षी जातातच, त्याचं कुणी मनावर घेत नाही. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की राधानगरी धरणाचे दोन दरवाजे उघडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण 8.36 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) आहे, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याची पातळी भरली की पाण्याच्या दाबानंच उघडतात, पातळी उतरली की आपोआप बंद होतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. दोन म्हणजे 2856, त्यात वीजगृहातनं 1500 सोडत होते ते वेगळं, एकूण 4356. मी आकडा वाचला आणि बॅग भरायला घेतली, पण निघालो नाही. ही माझी चूक. आबा म्हणाले सकाळी जाऊ, रात्रीचं कशाला, पाऊस पण आहे, आणि मी ऐकलं.

पहाटे साडेचारला निघालो. कौलवपर्यंत काही नाही, भोगावती कारखान्यापाशी चहाचं दुकान उघडं होतं, मला वाटलं सुटलो. पुढं हळदीच्या अलीकडं गाड्यांची रांग, लाल दिवा, आणि रस्त्याच्या मधोमध बॅरिकेड. त्याच्या पलीकडं रस्ताच नव्हता. म्हणजे डांबर हळूहळू पाण्यात उतरत होतं आणि पुढं दोन्ही बाजूंना नुसतं गढूळ पाणी, उसाचे शेंडे तेवढे वर. कडेचे खांब दिसत होते म्हणून समजायचं की रस्ता इथनं जातो.

एक ट्रॅक्टरवाला माणसं पलीकडं नेत होता. मी त्याला विचारलं, तर तो आबांकडं बघून म्हणाला, "दादा, तुमच्या वडलांना नको बसवू. मधी वढ हाय, कमरंएवढं पाणी हाय, मी पोरं न्हेतोय ती उतरून धरत्यात." त्या माणसाचे मी आजही आभार मानतो, भाडं मिळत होतं तरी नको म्हणाला. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना हात जोडून सांगतो, वाहत्या पाण्यात पाय घालू नका. वरनं संथ दिसतं पण रस्त्याच्या साईडपट्ट्या खालनं कधी वाहून गेल्या ते कळत नाही, आणि डायलिसिसच्या माणसाच्या हाताला फिस्टुला असतो, म्हणजे सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, त्या हाताला धरून ओढणं म्हणजे सगळंच घालवणं.

मी गाडी वळवली आणि डायलिसिस सेंटरला फोन केला. सात वाजायच्या आत केला हे बरं झालं. टेक्निशियन म्हणाला सातचा स्लॉट दुसऱ्याला देतो, तुम्ही दीडपर्यंत पोचा, दुपारच्या शिफ्टला घेतो, फक्त आबांना पाणी देऊ नका आणि नारळपाणी तर अजिबात नको. आबांना सोमवारपासून तीन दिवस झाले होते, पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता.

मग उलटं परत राधानगरीला, तिथनं सोळांकूर, सरवडे, मुधाळ तिट्टा. हा देवगड-निपाणी रस्ता. पण इकडून गेलो की सगळं संपलं असं नाही, कारण कोल्हापुरात शिरायचं तर वाटेत दूधगंगा ओलांडावीच लागते, आणि तिच्यावर काळम्मावाडीचं 25 टीएमसीचं धरण आहे, तिथला विसर्ग वाढवला की हा रस्ता पण जातो. मी सरवड्यात थांबून एका वडापवाल्याला, म्हणजे प्रवासी जीपवाल्याला, विचारलं, तो नुकताच कोल्हापूरहून आला होता, म्हणाला पूल चालू आहे, दुपारनंतरचं सांगता येत नाही. आता मी हेच करतो, फोनवरचा नकाशा बघत बसत नाही, त्याला हळदीला पाणी आलंय ते कळलेलंच नव्हतं, तो मला तिकडनंच जा म्हणत होता. समोरनं येणाऱ्या गाडीला हात करायचा आणि विचारायचं कुठनं आला, किती वाजता निघाला.

मुधाळ तिट्ट्यावर आबांनी आदमापूरच्या दिशेला हात जोडले. बाळूमामांचं ठिकाण तिथनं जवळ. मी काही बोललो नाही, मी पण जोडले.

इस्पुर्ली करत कळंब्याकडनं कोल्हापुरात शिरलो तेव्हा पावणेबारा. एरवी दीड तासाचा रस्ता, त्याला सात तास. मशीन दीडला लागलं. अंगात साठलेलं साडेतीन किलो पाणी काढायचं होतं, तेवढं एकदम काढलं तर बीपी पडतं म्हणून हळूहळू काढलं, संध्याकाळी उशीर झाला. आमची भोगावती पुढं जिला मिळते त्या कोल्हापूरच्या पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांच्या वर, म्हणजे धोका पातळीच्या वर गेली होती. परत जायचा प्रश्नच नव्हता. आत्याकडं राहिलो, पुढचं सोमवारचं डायलिसिस पण तिथनंच केलं.

त्या पाच दिवसांत आत्याच्या गॅलरीत बसून मी एका वहीत सगळं लिहून काढलं, आता तेच पाळतो. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट. तिकडं पंचगंगा 39 ला गेली आणि इकडं राधानगरी भरायला आली, या दोन गोष्टी एकत्र झाल्या की दरवाजा उघडायची वाट बघायची नाही, आबांना घेऊन आत्याकडं जायचं. धरण पूर्ण भरतं 347.50 फुटांना. मी 345 ला निघतो. जाताना औषधं पंधरा दिवसांची, डायलिसिसची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, आणि आधार कार्डाची झेरॉक्स, कारण वेळ पडली तर दुसऱ्या सेंटरला मशीन मागायला लागतं आणि तिथं पहिल्यांदा कागदच विचारतात, शिवाय कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट ताजे असल्याशिवाय मशीनवर घेत नाहीत.

रस्त्याबद्दल एक बोलायचं आहे. दर पुरानंतर लोक म्हणतात रस्ता उंच करा. करा, पण नुसता मातीचा भराव टाकून नको. 2019 ला आणि 2021 ला पाणी किती दिवस उतरत नव्हतं ते आम्ही बघितलंय, भरावानं पाणी आणखी अडतं आणि वरच्या गावात घुसतं. खाली मोठ्या मोऱ्या नाहीतर कमानी ठेवून रस्ता वर घ्यायला पाहिजे, पाण्याला त्याची वाट द्यायला पाहिजे. खर्च जास्त आहे हे मला कळतं. पण या रस्त्यावर आमच्यासारखी किती घरं असतील, बाळंतीण असेल, साप चावलेला असेल, त्यांनी पाच दिवस कुठं जायचं.

मंगळवारी हळदीचा रस्ता खुला झाल्याचं कळलं आणि आम्ही निघालो. रस्त्यावर गाळ, पाचट, एके ठिकाणी साईडपट्टी पार खाल्लेली, जेसीबी चालू होता. आबांनी गाडी थांबवायला लावली. उतरून ते कडेच्या खांबापाशी गेले, चिखलाची ओली रेघ होती ती त्यांच्या छातीला लागत होती. तिथं हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "बुधवारीच निघायला पायजे हुतं रं."