तबकडीच्या तीन मिनिटांत मावलेली धून

रविवार, रात्र

दुपारभर अमेरिकन बँडप्रमुख ग्लेन मिलरची 'इन द मूड' ही नाचाची धून ऐकली, आणि तीच सुरावट असलेल्या आधीच्या तबकड्याही. सॅक्सोफोनवरची ती चढत जाणारी सुरावट सुरू झाली की पाय ठेका धरतातच. पण तिचा माग काढत गेलं की मिलर फार उशिरा भेटतो.

१९३० साली विंगी मनोन या न्यू ऑर्लीन्सच्या ट्रम्पेटवाल्याने 'टार पेपर स्टॉम्प' वाजवलं. लहानपणी ट्रामच्या अपघातात त्याचा एक हात गेला होता. या तबकडीत ती सुरावट लख्ख ऐकू येते, फक्त निवांत, ब्लूज या संथ, उदास कृष्णवर्णीय अमेरिकन गाण्याच्या चालीने. पुढच्याच वर्षी ती फ्लेचर हेंडरसनच्या बँडकडे 'हॉट अँड अँक्शस'मध्ये सापडते. मग सॅक्सोफोनवादक जो गार्लंडने तिच्याभोवती नवी रचना बांधली आणि १९३८ मध्ये एडगर हेजच्या बँडने ती 'इन द मूड' याच नावाने मुद्रित केली. क्लॅरिनेटवादक बँडप्रमुख आर्टी शॉ ती रेडिओवर वाजवायचा, पण त्याचं वादन सहा मिनिटांवर जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावायची जेमतेम तीन मिनिटं!

मिलरने कात्री घेतली. त्याने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुद्रित केलेल्या वादनात काय राहिलं ते ऐकावं: टेक्स बेनेकी आणि अल क्लिंक यांचे टेनर सॅक्सोफोनवरचे सवालजवाब, क्लाइड हर्लीचा ट्रम्पेट, आणि तो शेवट. तीच ओळ हळू होते, आणखी हळू होते, आता संपलंच असं वाटतं आणि अख्खा बँड उसळून येतो. नाचणाऱ्यांना कुठे थांबवायचं आणि कुठे पुन्हा उचलायचं हे मिलरला नेमकं कळत होतं. मला ही काटछाट नव्या रचनेइतकीच मोलाची वाटते.

तरी मनोनचं नाव मनातून जात नाही. धून कागदावर उतरवून नोंदवलेली नसली की तेव्हा कायद्याने तिच्यावर कुणाचा हक्क नसे. त्यामुळे संगीतकार म्हणून नाव लागलं ते गार्लंडचं. गार्लंडची मेहनत खरीच आहे. पण ती ओळ त्याच्याआधी मनोनच्या तबकडीवर वाजली होती, आणि त्याचं नाव शेजारी यायला हवं होतं.