केओएच आहे की स्टोअरमध्ये!

निकेलवर पाण्यातून ऑक्सिजन नेमका कोणत्या पायऱ्यांनी सुटतो, हे सीव्हीवरून (सायक्लिक व्होल्टॅमेट्री: व्होल्टेज वरखाली फिरवत करंट मोजायचा) शोधायचं होतं. पहिला आलेख देखणा आला. पण त्याच इलेक्ट्रोडवर व्होल्टेजच्या फेऱ्या चालू ठेवल्या की आलेखातलं निकेलचं शिखर धन बाजूला सरकायचं आणि ऑक्सिजनचा करंट चढतच जायचा. उत्प्रेरक आपोआप सुधारतोय असंच वाटावं! कारण लोखंड. साध्या केओएचमध्ये, म्हणजे सेलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, ते अगदी किंचित असतं आणि निकेलचा थर ते शोषून घेतो. कोरिगन यांनी हे 1987 मध्येच दाखवलंय. अशा द्रावणात टाफेल उतार (करंट दहापट व्हायला किती जादा व्होल्टेज लागतं ते) काढून अभिक्रियेच्या पायऱ्या मांडल्या, तर त्या निकेलच्या नसतातच.

म्हणून अतिशुद्ध केओएचचं इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, स्टोअरकडे टाकलं.

"मॅडम, केओएच आहे की स्टोअरमध्ये. बाटल्या तशाच पडल्यात."

शुद्धतेचा फरक सांगितला. "तेही ए.आर. ग्रेडच (प्रयोगशाळेच्या नेहमीच्या शुद्धतेचं) आहे ना?" मग तीन कोटेशन्स हवीत. हा दर्जा ठेवणारे विक्रेते मोजके, तिसरं कोटेशन आणायचं कुठून? त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र, त्यावर विभागप्रमुखांची सही, मग 'एवढी किंमत का' याचं समर्थनपत्र. तेवढ्यात मार्चअखेर आली आणि फाइल नव्या आर्थिक वर्षात ढकलली गेली. एप्रिलमध्ये ती परत आली. कारण? एककाच्या रकान्यात 'ग्रॅम' लिहिलं होतं, त्यांना 'नग' हवं होतं.

संतापून मी साधं केओएचच शुद्ध केलं. बोचर यांच्या गटाची 2014 ची रीत: अतिशुद्ध निकेल नायट्रेटपासून हायड्रॉक्साइडचा साका पाडायचा, धुवायचा, त्यात केओएच ओतून हलवायचं, काही तास ठेवायचं आणि सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्यायचं. लोखंड साक्यात अडकतं. सगळं पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांत करा. अल्कली काच खाते, त्यातली अशुद्धी द्रावणात उतरते. सेलही प्लास्टिकचाच.

करंट इतका खाली आला की सरांनी विचारलं, "वायर नीट जोडलीय ना?" मला मात्र हेच हवं होतं.

हो, रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा घ्या, अल्कलीत सिल्व्हर क्लोराइडचा टिकत नाही. आणि उतार काढण्याआधी द्रावणाच्या रोधाची दुरुस्ती करा, नाहीतर तो उगाच फुगतो. शिखराचा करंट स्कॅन रेटच्या (व्होल्टेज बदलण्याच्या वेगाच्या) सम प्रमाणात वाढतो का, तेही बघा; वाढला तर तो पृष्ठभागावर चिकटलेल्या थराचा.

इंडेंट टाकायचंच असेल तर डिसेंबरच्या आत टाका. आणि एककात 'नग' लिहा.