ब्रेडाची प्लेट, प्रयत्न चौथा: दोष ग्राउंडचा नव्हता

एचिंगची (धातूवर ओढलेल्या रेषा रसायनाने खोदून कागदावर ठसा काढायची) तिसरी प्लेट भंगारात गेली ते मागे लिहिलंच होतं. चौथीही त्याच वाटेवर होती. उतरवतोय तोच तुकडा, सतराव्या शतकातला फ्रेंच एचिंगकार जाक कालो याच्या ‘ब्रेडाचा वेढा’मधला (1628, एकूण सहा प्लेटा; ब्रेडा हे स्पॅनिश फौजेने वेढलेलं डच शहर): पुढे घोडेस्वार, मागे खंदकांच्या रांगा. कडक ग्राउंड, म्हणजे रेषा सोडून बाकी धातू झाकणारा थर, घरी शिजवलेलं, जवसाचं तेल आणि मस्तकी राळ. बाटलीतलं तयार ग्राउंड मी कायमचं सोडलंय, एशॉपखाली (तिरक्या टोकाची रेषा ओढायची सुई) लोण्यासारखं सरकतं.

जिथे रेषेवर रेषा येते तिथे टवका उडतो, फेरिक (धातू खाणारं फेरिक क्लोराइड) आत घुसतं आणि सावलीच्या जागी काळे खड्डे. जास्त भाजलं असेल म्हणून कमी भाजलं, तर धड चिकटेना. मग गाळ बसू नये म्हणून प्लेट पालथी बुडवली. रेषा स्वच्छ आल्या, खड्डे जिथल्या तिथे. दोन रविवार त्यातच गेले.

परवा मूळ ठशाचं स्कॅन मोठं करून घोड्याचं पोट बघत बसलो आणि कपाळाला हात लावला. तिथे जाळी नाहीच! नुसत्या समांतर रेषा, मध्ये फुगलेल्या, टोकाला निमुळत्या. एशॉपचं तिरकं टोक बोटांत फिरवलं की रेषा जाड-बारीक होते, सावलीला तेवढं पुरतं. आडव्या-उभ्या रेघोट्या मी सवयीने मारत होतो आणि शिव्या ग्राउंडला. आता एका घोड्याची मांडी अशी उतरलीय की तोच ठसा चार वेळा काढला.

फेरिकमधल्या दुसऱ्या बुडीआधी, पुरेशा खोदलेल्या रेषांवर वॉर्निश लावून त्या झाकताना एक गोष्ट खटकली. लांबचं फिकं हवं, म्हणून शहर आणि खंदक आधी झाकायचे. पुढच्या लोकांना जास्त वेळ, म्हणून ते काळेभोर. काम स्पॅनिश नेदरलँड्सवर राज्य करणाऱ्या इन्फंटा इसाबेलाने दिलेलं, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या बाजूचं. वेढ्याच्या रांगा नकाशासारख्या आखलेल्या, पण जून 1625 मध्ये ब्रेडा पडलं ते हल्ल्याने नव्हे, उपासमारीने. ती तटाच्या आत, सगळ्यात फिकट रेषांत. दूरचं फिकं ही साधी चित्रकाराची रीत, मान्य. पण इथे ती कुणाच्या पथ्यावर पडली?

कालोच्याच ला रोशेलच्या वेढ्याचा तुकडा पुढे घेणार होतो, तो राहू दे. पाचव्या प्लेटवर हाच कोपरा थोडा वर सरकवून, तटाचा भाग धरून, उलटा करणार: घोडेस्वार आधी झाकायचे, शहर शेवटपर्यंत फेरिकमध्ये. पत्रा घासून ठेवलाय. तटावरच्या बारीक रेषा इतका वेळ टिकतील का, की एकमेकींत मिसळतील? कुणी करून पाहिलं असेल तर बुडीच्या वेळा सांगा.