दारू पिऊन गाडी चालवल्याची केस कोर्टात सापडते कुठं

नागपुरात ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलेल्या कोणत्याही पोट्ट्याला विचारा, उत्तर एकच, "चलान झालं भाऊ, दहा हजार भरले, मॅटर क्लोज." आणि हे सांगणारे इंजिनीअरिंगचे, मेडिकलचे, लॉचे पण असतात, म्हणजे ज्यांनी कायदा शिकायचा तेही. चलान नसते ते. हेल्मेट, सिग्नल, मोबाइलवर बोलणं, हे सगळं तडजोडीचं, जागेवर नाहीतर फोनवर दंड भरला की मिटलं. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं १८५, त्या तडजोडीच्या यादीतच नाही. त्याचे कागद कोर्टातच जातात, तिथं मॅजिस्ट्रेटसमोर "गुन्हा कबूल" म्हणायचं, आणि मग जे दहा हजार भरता ते शिक्षा म्हणून भरता. दोषी ठरले तुम्ही. पोट्टे हे ऐकून असे पाहतात जसं मी त्यांच्या घरी फोन लावून राहिलो.

आणि कोर्टात जे गेलं त्याला नंबर पडतो, नंबर पडला की ते ऑनलाइन येते, आणि ऑनलाइन आलं की कोणीही पाहू शकते. फक्त पाहायचं कुठं आणि जे दिसते त्याला किती मानायचं, इथंच लोकांचा घोळ होते.

मला हे शोधायची वेळ आली ती काकूंमुळे. आमच्या ले-आउटमधल्या चारपाच मुली हिंगणा रोडच्या कॉलेजात जातात, त्यांच्यासाठी व्हॅन ठरवायची होती, ड्रायव्हर ओळखीतून आलेला, तब्येतीनं दणकट, बोलायला साधा. काकू म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवर असतो दिवसभर, पाहून दे ना बाप्पा याचं काही पोलीस-बिलीस आहे का."

आधी लोक जातात चलानच्या साइटवर. तिथं गाडीचा नंबर लागतो आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे, म्हणजे ती साइट गाडीला ओळखते, माणसाला नाही. आणि तिथं दिसतात ती ई-चलानं. न भरलेल्या ई-चलानांसाठी वेगळं व्हर्च्युअल कोर्टही आहे, आपल्याच जिल्ह्यात काटोलला, ३१ ऑक्टोबर २०२० ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा सरन्यायाधीश आपले नागपूरचेच शरद बोबडे होते. पण आपलं १८५ तिथं शोधून फायदा नाही. दुसरे लोक जातात पोलिसांच्या साइटवर एफआयआर पाहायला. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये एफआयआर चोवीस तासात अपलोड करा म्हटलं होतं, त्यामुळं ते सापडतात हे खरं, पण नाकाबंदीत फुंकायला लावलं, आकडा जास्त आला, कागद थेट कोर्टात, अशा प्रकरणात बरेचदा एफआयआरच नसतो. कोणाला धडक दिली, कोणी जखमी झालं, तर मग एफआयआर.

तर जागा म्हणजे ई-कोर्ट, कोर्टाच्या केसेस दाखवणारी सरकारी साइट. राज्य महाराष्ट्र, जिल्हा नागपूर, मग कोर्ट कॉम्प्लेक्स निवडा. इथं पहिली गोची, सिव्हिल लाइन्सचं जिल्हा कोर्ट म्हणजे अख्खा जिल्हा नाही. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक, कामठी यांची कोर्टं वेगळी, आणि माणूस ज्या हद्दीत पकडला त्या हद्दीच्या कोर्टात त्याची केस. शहराबाहेरच्या ढाब्यावरून रात्री येताना सापडलेला माणूस सिव्हिल लाइन्सच्या यादीत नसणार आणि तुम्ही समजाल की देवमाणूस आहे.

दुसरी गोची त्याहून मोठी. नावानं शोधताना पेंडिंग, डिस्पोज्ड किंवा दोन्ही असे पर्याय असतात, आणि ज्यानं पहिल्याच तारखेला कबूल करून दंड भरला त्याची केस तर त्याच दिवशी निकाली निघालेली असते. पेंडिंगमध्ये शोधत बसलात तर जो लढून राहिला तोच दिसते, जो दोषी ठरला तो दिसतच नाही! वर साल पण टाकायला लागते, माहीत नसेल तर एकेक साल फिरवा, आणि दर वेळी तो कॅप्चा, ज्यात शून्य का ओ हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. स्पेलिंगचं तर विचारूच नका, चौधरी हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात ते एकदा पाहा. शेवटी नावाची पहिली तीनचार अक्षरं टाकून मोठी यादी काढायची आणि डोळ्यानं वाचायची, हेच बरं पडते.

कायद्यानुसार शोधायचीही सोय आहे. मोटार वाहन कायदा निवडायचा, कलमात १८५ टाकायचं, की त्या कोर्टातल्या सगळ्यांची यादी समोर. नाव माहीत असायचीही गरज नाही. मला हे पाहून खरं सांगतो थोडं कसंतरीच झालं. कोर्ट उघडं असावं हे मान्यच, पण कोर्टात जाऊन एक केस पाहणं वेगळं आणि घरी चहा पिता पिता गल्लीतल्या नावांची यादी वाचणं वेगळं. ती सोय राहावी, मी तर वापरलीच, पण ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरवणाऱ्याला दोन शब्द सुनवायला पाहिजे.

केस उघडली की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा एकमेव ओळख नंबर, नागपूरचा एमएचएनजी पासून सुरू होणारा. खाली केसचा प्रकार, दाखल तारीख, कलम, तारखांची यादी, निकाल कसा लागला ते. फोटो नाही, वय नाही, पत्ता नाही. कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. आमच्या ड्रायव्हरच्या नावाची एक केस निघाली, १८५ चीच, पण मधलं नावच नव्हतं. काकूंनी तर तिथंच फैसला करून टाकला, मी म्हटलं थांबा, या नावाचे नागपुरात किती निघतील, आपल्याच ले-आउटात दोन आहेत.

नक्की करायचं तर कोर्टातून नक्कल काढावी लागते. बाहेरच्या माणसाला पण मिळू शकते, पण अर्ज करा, कशाला पाहिजे ते लिहा, कोर्टानं परवानगी दिली तर. मला वाटलं आरटीआय टाकू, दहा रुपयाचं काम, तर वकील मित्र हसला. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच म्हटलंय की कोर्टाचे स्वतःचे नियम असताना त्या कागदांसाठी आरटीआयचा रस्ता नाही, नियमानंच नक्कल मागा. वरून तो म्हणाला, "काहून इतकं करून राहिला बे, त्याला विचार ना सरळ."

विचारलं. तर तो माणूस अजिबात गडबडला नाही. पाकिटातून लॅमिनेट केलेली दंडाची पावती काढून समोर ठेवली, कडा पिवळ्या पडलेल्या, मधली शाई उडालेली, पण आकडा वाचता येत होता, २,०००. म्हणजे सप्टेंबर २०१९ च्या आधीची केस, जेव्हा पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त तेवढाच होता. आता पहिल्या वेळी दहा हजार किंवा सहा महिने किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर पंधरा हजार किंवा दोन वर्षापर्यंत किंवा दोन्ही. मर्यादा मात्र तीच, १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. "लग्नात गेलो होतो साहेब, बाइकवर. तेव्हापासून गाडी चालवायची असली की घेत नाही. पावती ठेवून राहिलो, कोणी विचारलं तर दाखवायला." पोलिसांची चारित्र्य पडताळणीही आणून देतो म्हणाला, ती ऑनलाइन अर्ज करून मिळते, आणि खरं तर ड्रायव्हर ठेवणाऱ्यानं आधी तीच मागावी, लपूनछपून नाव शोधण्यापेक्षा. मी त्याला ठेवला असता. काकू नाही म्हणाल्या. मुली त्यांच्या, फैसला त्यांचा.

आता कॉलेजवाल्यांनो, तुमचं. अठराच्या आतला असेल तर गोष्ट वेगळी, प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जाते आणि ओळख उघड करणं हाच २०१५ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळं ते असं सापडत नाही (गाडी देणाऱ्या बापाला मात्र पंचवीस हजार आणि तीन वर्षापर्यंत, पप्पांनी वाचून ठेवावं). अठरा झाले की नाव टाकलं तर सापडणार. लायसन्सवर गदा येऊ शकते ते वेगळंच.

आणि सरकारी नोकरीच्या फॉर्मात एक रकाना असतो, कधी दोषी ठरलात का. भाच्याच्या रूमपार्टनरनं परवा हेच विचारलं, तो एमपीएससीची तयारी करून राहिला आणि थर्टी फर्स्टला सापडलेला. त्याला कोणीतरी सल्ला दिला की चलान होतं, "नाही" लिही. मी त्याला २०१६ चा अवतार सिंग निकाल काढून दाखवला. त्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की किरकोळ प्रकरण असेल तर मालक ते सोडून देऊ शकतो, पण ठरवायचं त्यानं, आणि खरी माहिती देणं उमेदवाराला बंधनकारक. तो म्हणे, "मग लिहू का दादा?" लिही बे. आणि सीएनआर नंबर टाक सोबत, पडताळणीवाल्याला सालं फिरवत बसायला नको.