तुम्ही विचारलंत म्हणून: एका वॉर्मरवर दोन बाळं का?

एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, ड्युटी करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. वॉर्मर म्हणजे वरच्या हीटरने बाळाला ऊब देणारी छोटी खाट. 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यात 12 नवजात बाळं होती. तेव्हापासून तर लोक असे विचारतात, जणू आम्हाला काही कळतच नाही.

कळतं हो. वॉर्मरला स्किन प्रोब, म्हणजे अंगाचं तापमान मोजणारी तार, एकच असतो. तो ज्या बाळाच्या पोटाला चिकटवला, त्याच्या तापमानावर हीटर कमी-जास्त होतो. शेजारच्याला ती ऊब पुरते का, हे मशीनला समजत नाही. म्हणून मी त्याचे तळपाय आणि पोट हाताने चाचपत राहते. पोट गरम आणि पाय गार लागले, की बाळ गारठू लागलंय. शिवाय जंतुसंसर्गाची भीती आहेच.

नवीन होते तेव्हा यावरून इन्चार्ज सिस्टरांशी भांडले होते मी. दुसरं बाळ घ्यायचंच नाही, असं माझं म्हणणं. ते आजही मला चुकीचं वाटत नाही.

पण ती पावसाळ्यातली रात्र. तालुक्याहून 108 आली. सिझर झालेली आई तिकडेच, बाळ आजीच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं. वजन बाराशे ग्रॅम, श्वासागणिक छाती आत ओढली जात होती. आमचे सगळे वॉर्मर भरलेले. मेडिकल कॉलेजला फोन केला, तिथेही जागा नाही. आजी म्हणाली, "बाई, फरशीवर ठिवा, पण ठिवून घ्या." नियमाने एका पाळीत तीन-चार बाळांमागे एक नर्स हवी. त्या रात्री अख्ख्या कक्षाला आम्ही दोघी होतो. त्यातल्या त्यात बरं असलेलं बाळ मी कडेला सरकवलं, मध्ये चादरीची घडी ठेवली.

तेवढ्यात त्याच बाळाची आई वाटीत दूध काढून घेऊन आली. "सिस्टर, ह्याचं काही माझ्या बाळाला लागलं तर?"

"दर वेळी हात धुऊनच हात लावते मी," म्हटलं.

"ते नाही विचारलं मी."

मला पुढे बोलता आलं नाही.

दोन्ही बाळं घरी गेली. म्हणून माझा निर्णय बरोबर ठरतो, असं मी म्हणणार नाही. आईला बाळाशेजारीच खाट दिली आणि कमी वजनाचं बाळ जन्मल्याबरोबर तिच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू साधारण चौथाईने घटतात, हे 2021 मध्ये पाच देशांतल्या अभ्यासातून समोर आलं. त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. आमच्याकडच्या आया व्हरांड्यात झोपतात. खाटांबद्दल मला कुणी विचारत नाही.

उद्या पुन्हा कुणी असं बाळ घेऊन आलं, तर मी घेईन. आणि त्या आईला काय सांगायचं, ते अजूनही मला सुचलेलं नाही.