डमी आउटपुट: कार्ड दिसत होतं, पण मोकळं नव्हतं

तक्रार एका ओळीची होती: काल अपडेट केलं, आज आवाज गेला. लिनक्सचा साधा डेस्कटॉप, मदरबोर्डवरचंच साउंड कार्ड, आवाजाचा कारभार पाइपवायरकडे. सेटिंगमध्ये कार्डाच्या नावाऐवजी ‘डमी आउटपुट’ दिसत होतं आणि प्लेअरची पट्टी व्यवस्थित सरकत होती. इथेच माणूस फसतो. खरं उपकरण हाती लागलं नाही की त्याच्या जागी नुसतं नावाचं एक उपकरण उभं केलं जातं. प्लेअर त्यातच गाणं ओतत राहतो, एररही येत नाही.

अशा वेळी व्हॉल्यूमशी खेळण्यात अर्थ नसतो. मी थेट तळाशी, कर्नलमधल्या अल्सापाशी (साउंड कार्ड प्रत्यक्ष चालवणारा थर) गेलो. ‘एप्ले -एल’ दिलं (एल लहान, मोठ्या एलने वेगळीच यादी येते). कार्ड ० हजर होतं, म्हणजे ड्रायव्हर लोड झालेला होता. पण खालच्या ओळीत ‘सबडिव्हाइसेस: ०/१’ होतं. हा आकडा फार थोडे लोक वाचतात. १/१ म्हणजे उपकरण मोकळं. ०/१ म्हणजे ते कुणीतरी उघडून धरलेलं आहे.

खात्रीसाठी ‘स्पीकर-टेस्ट -डी एचडब्ल्यू:०,० -सी २’ चालवलं. ‘-सी २’ विसरायचं नाही. न सांगता ही चाचणी एकाच चॅनलची मागणी करते, बरीच कार्डं थेट तेवढं देत नाहीत, आणि मग भलत्याच एररमागे तास जातो. इथे उत्तर स्वच्छ आलं: डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी.

कोण धरून बसलंय हे ‘एफयूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*’ सांगतं. पहिल्यांदा साध्या युजरने चालवलं तर वायरप्लंबर (पाइपवायरसाठी उपकरणं जोडून देणारा त्याचा सोबती) आणि पाइपवायर एवढेच दिसले, तेही ‘कंट्रोल-सी०’ या फाइलवर. ते नेहमीचंच. दुसऱ्या युजरच्या प्रोसेस बघायला ‘सुडो’, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लागतं. ते लावल्यावर ‘पीसीएम-सी०-डी०-पी’ या ओळीवर (शेवटचा ‘पी’ प्लेबॅकचा) गुन्हेगार दिसला: मिडी फाइली वाजवणारी एक सिस्टिम सर्व्हिस, स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालणारी.

मग सगळं जुळलं. ही सर्व्हिस बूटच्या वेळीच सुरू होऊन कार्ड थेट उघडायची. पाइपवायर लॉगिननंतर येतो. तोवर जागा गेलेली. अशा कार्डाचं प्लेबॅक थेट उघडायला एका वेळी एकालाच मिळतं, अनेक आवाज एकत्र मिसळणं हे वरच्या थराचं काम. आणि अपडेट? ‘/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग’ उघडला. कर्नल बदललाच नव्हता. त्याच संध्याकाळी संगीताचा एक प्रोग्रॅम बसवला होता, त्याच्या सोबतीने हे पॅकेज आलं होतं.

‘सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ’ने ती सर्व्हिस बंद केली. मग लॉगिन केलेल्या युजरनेच, सुडोशिवाय, ‘सिस्टिमसीटीएल --युजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स’. ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’मध्ये ॲनालॉग आउटपुट परतलं, पुढे चांदणीही (डीफॉल्ट उपकरणाची खूण) लागली. हेडफोन मात्र मुकाच. अल्सामिक्सरमध्ये एफ-६ने कार्ड निवडलं तर हेडफोनच्या खांबाखाली ‘एमएम’, म्हणजे म्यूट, होतं. एम दाबून ‘००’ केलं.

शेवटी मशीन रीबूट केलं, गाणं वाजवलं, थांबवलं आणि काही सेकंद थांबून ‘एप्ले -एल’ पुन्हा दिलं. वाजत नसेल तर पाइपवायर ५ सेकंदांत कार्ड सोडतो. आता आकडा १/१ होता.