माल किती आणायचा?

शाळेत फॅमिली मूव्ही नाइट ठरली की पालकांपैकी कुणीतरी मला गाठतंच. ‘खाण्याच्या स्टॉलचं तुम्ही बघता ना? दोनशे माणसं येतील असं धरलंय. माल किती आणायचा?’ एरवी मी घाईघाईत एखादा आकडा सांगून सुटका करून घेते. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते. त्यासाठी आधी मीच तुम्हाला एक विचारते: विकायला मिनिटं किती आहेत?

हिशेब करून बघा. हॉलची दारं उघडल्यापासून दिवे मालवेपर्यंत साधारण २५ मिनिटं मिळतात. दोनशे माणसं म्हणजे साठेक कुटुंबं. एका कुटुंबाला अर्धं मिनिट लागलं तरी एका टेबलाला अर्धा तास हवा. आणि अर्ध्या मिनिटात आटपणारं कुटुंब मला अजून भेटायचंय. बाबा नोट काढून उभे असतात, धाकटी काउंटरवर हनुवटी टेकवून एकेका डब्याकडे बोट दाखवते, थोरल्याला ती घेईल ते नको असतं. सगळं ठरलं की कळतं, आजी आत जाऊन बसल्यात आणि त्यांना काय हवं ते कुणी विचारलेलंच नाही. मग एक जण आत पळतो आणि मागची रांग उभीच राहते. म्हणजे कुटुंबामागे एक मिनिट धरा. एक टेबल असेल तर निम्मं हॉल रिकाम्या हातांनी आत जाईल, नाहीतर अर्धा पिक्चर रांगेत बघेल, आणि तुम्ही मोजूनमापून आणलेला माल खोक्यातच राहील.

म्हणून माझा सगळा जोर रांग कापण्यावर असतो. पहिली कात्री यादीला. चार जिन्नस, पाचवा नाही. दरवर्षी कुणीतरी उत्साहाने सांगतं की आपण हेही ठेवू, तेही ठेवू, मी घरून करून आणते. करून आणलेलं छानच असतं, पण ते कापायचं, वाढायचं, त्याला चमचा द्यायचा, आणि ‘यात काय काय घातलंय?’ याचं उत्तर द्यायचं, या सगळ्यात मिनिटं जातात. स्टॉलवर तेच ठेवावं जे एका हाताने उचलून दुसऱ्या हातात देता येतं. किमती सगळ्या एकाच नोटेच्या पटीत. सुट्यांच्या भानगडीत जितका वेळ जातो तितका पदार्थ देण्यातही जात नाही. मोबाइलवरून पैसे घेत असाल तर क्यूआर कोड टेबलावर न चिकटवता रांगेच्या सुरुवातीला, डोळ्यांच्या उंचीवर लावा. किमतींचा फलकही तिथेच. काउंटरशी पोचून जो विचार करायचा तो माणसाने उभ्या उभ्या आधीच करून ठेवलेला असतो.

दुसरी कात्री मोठी आहे आणि तिच्यावरून दरवेळी वाद होतो. पॉपकॉर्न विकूच नका. तिकिटातच धरा आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पिशवी द्या. साठांपैकी पन्नास कुटुंबं पॉपकॉर्नच मागणार असतात. तो जिन्नस गल्ल्यावरून उठला की उरलेली रांग दोन टेबलांवर आरामात निघते. ‘पण सगळी कमाई पॉपकॉर्नचीच असते ना?’ असं खजिनदार म्हणतात. असते, कारण मका स्वस्त. म्हणून तर ती रक्कम तिकिटात मिळवून पॉपकॉर्न ‘फुकट’ देणं परवडतं. शिवाय खिशात पैसे नसलेलं एखादं मूल प्रत्येक कार्यक्रमात असतंच. सगळ्यांच्याच हातात पिशवी असली की ते कोण हे कुणालाही कळत नाही. माझ्या लेखी एवढं एक कारणही पुरे आहे.

एक बघून ठेवा. घरी बघण्यासाठी घेतलेला पिक्चर शाळेत गर्दीसमोर दाखवायला बहुतेक देशांत वेगळा परवाना लागतो, आणि तिकीट लावायचं की नाही यावर त्यात अट असू शकते. तो कागद आधी वाचा, तिकिटाचं मग ठरवा.

आता पॉपकॉर्नचं गणित. लहान मुलाला पुरेल आणि मोठ्यालाही चालेल अशी पिशवी साधारण एक लिटरची. एवढ्या लाह्यांना ३० ग्रॅम दाणे लागतात. दोनशे पिशव्यांना सहा किलो दाणे झाले, आणि तीन वाट्या दाण्यांना एक वाटी तेल. माल किती आणायचा म्हणून विचारत होतात ना, पॉपकॉर्नपुरतं उत्तर हे एवढंच. घोळ पुढे आहे. भाड्याने मिळणाऱ्या नेहमीच्या यंत्राच्या भांड्यात एका वेळी सव्वादोनशे ग्रॅम दाणे मावतात. त्याच्या सात-साडेसात पिशव्या होतात आणि एका घाण्याला चार मिनिटं लागतात. म्हणजे दारं उघडल्यावर यंत्र सुरू केलं तर त्या २५ मिनिटांत जेमतेम पंचेचाळीस पिशव्या निघतील. दोनशे करायला पावणेदोन तास हवेत. समोर ताज्या लाह्या फुटताना बघायला मजा येते हे खरं, आणि शेवटचे दोन-तीन घाणे मी मुद्दाम त्यासाठीच मागे ठेवते, वास दारापर्यंत जातो. बाकीचं काम आधीच उरकलेलं असतं. एकच पथ्य: गरम लाह्या लगेच बंद पिशवीत कोंडू नका. त्यांचीच वाफ त्यांना मऊ पाडते. मोठ्या परातींत पसरून निवू द्या, मग भरा.

दाणा फुटतो तो आतल्या पाण्यामुळे. चांगल्या दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओल असते. भांड्यात दाणा साधारण १८० अंश सेल्सिअसला पोचला की आतल्या वाफेचा दाब टरफलाला सोसवत नाही आणि पिठूळ गर बाहेर फुलतो. गेल्या वर्षीचं अर्धं उघडं पाकीट कपाटात सापडलं की लोकांना काटकसर सुचते. त्या दाण्यांतली ओल उडून गेलेली असते, घाण्यात गणंगच जास्त निघतात, आणि पिशवीच्या तळाशी असा कडक दाणा एखाद्याच्या दाढेखाली येतो. नवं पाकीट घ्या, उघडलं की हवाबंद डब्यात ठेवा. भांडं उलटायची वेळ कानाने ओळखायची: फुटण्याचा तडतडाट विरळ होऊन दोन आवाजांत दोनेक सेकंदांचं अंतर पडलं की उलटा. ‘अजून चार फुटतील’ म्हणून थांबलात तर खालचे करपतात आणि तो वास पिक्चर संपेपर्यंत हॉलमधून हलत नाही. यंत्रापाशी मोठं माणूसच हवं. त्या भांड्यातल्या तेलाशी खेळ नाही. पिशव्या वाटायला मात्र वरच्या वर्गातली मुलं ठेवा, ती आपल्यापेक्षा चपळ असतात.

मुख्याध्यापकांची हरकत ठरलेली असते: फरशी घाण होईल, कुरकुर ऐकू येईल. ही तक्रार त्यांच्या आधीची आहे. चार्ल्स क्रेटर्स यांनी १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वाफेवर चालणारं फिरतं यंत्र आणलं आणि फेरीवाल्यांच्या हाती पॉपकॉर्न गेला, तरी जुन्या चित्रपटगृहांचे मालक त्याला दारात उभा करत नसत. भारी गालिचे होते, आणि मूकपटात चावण्याचा आवाज लपायला जागा नव्हती. बोलपट आले, पाठोपाठ १९३०च्या दशकातली महामंदी आली, आणि त्याच मालकांना पॉपकॉर्नच्या पैशांचा आधार वाटू लागला. मुख्याध्यापकांना मी इतिहास सांगत नाही, झाडू कोण मारणार त्यांची नावं लिहून देते. ते लगेच हो म्हणतात. पेयांच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याच बाजूची आहे. झाकणाच्या बाटलीतलं पाणी, बस. अंधारात सांडलेलं गोड पेय दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत चपला धरून ठेवतं.

ज्या एका बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही ती म्हणजे ॲलर्जी. टेबलावर सुक्या मेव्याचं, शेंगदाण्याचं काही नाही. प्रत्येक खोक्याचं, तेलाच्या डब्याचं, मसाल्याच्या बाटलीचं लेबल कार्यक्रम संपेपर्यंत ठेवायचं. सगळं काचेच्या सुंदर बरणीत ओतून खोकी फेकून देणारे उत्साही लोक असतात, त्यांना आधीच आवरा. लोण्याच्या चवीच्या भुकटीत दूध असू शकतं आणि नसूही शकतं, ते लेबलच सांगेल. एखादी आई विचारते, ‘यात दूध आहे का?’ आणि आपला भला स्वयंसेवक म्हणतो, ‘नसावं.’ हे ‘नसावं’ फार धोक्याचं. त्यापेक्षा ‘थांबा, लेबल दाखवतो’ म्हणावं. लेबल नसेल तर सरळ ‘माहीत नाही, देऊ नका’. तशीच दुसरी गोष्ट: चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, घशात अडकण्याची भीती असते. दारात पिशव्या वाटणाऱ्यांना हे सांगून ठेवा, आणि त्या वयाच्या मुलांसाठी मऊसं काहीतरी वेगळं ठेवा. आपल्याच हाताला काही मिळालं नाही म्हणून भोकाड पसरलेलं तीन वर्षांचं पोर रांगेला एकट्याने थोपवू शकतं.

विजेचं थोडक्यात. हे यंत्र दीड हजार वॅटच्या घरात वीज ओढतं, पाणी तापवायची विजेची टाकी साधारण तेवढीच. दोन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका आणि प्रोजेक्टरच्या लाइनवर तर मुळीच नको. शाळेच्या शिपायांना विचारा, कुठलं प्लग कुठल्या लाइनवर आहे ते त्यांना पाठ असतं.

मध्यंतर ठेवायचं का? लहान मुलं असतील तर ठेवा, दहा मिनिटांचं, पण ते शौचालयासाठी आहे हे धरून चाला. स्टॉलवर त्या वेळी फक्त पाणी आणि बंद पाकिटं. त्या दहा मिनिटांत पुन्हा यंत्र चालू करून ‘गरमागरम’ची हाक देणाऱ्या उत्साही मंडळींमुळे पुढची पंधरा मिनिटं अंधारात पालक पाय तुडवत आपली रांग शोधत असतात.

पैशांबद्दल नियम एकच: गल्ल्यावर बसणारा माणूस पदार्थाला हात लावत नाही, आणि शेवटी पैसे दोघांनी मिळून मोजायचे, कागदावर आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या. अविश्वासाचा प्रश्नच नाही. महिन्याभराने कुणी विचारलं तर एकट्या माणसाला आठवणीवर उत्तर द्यावं लागू नये, म्हणून.

राहिलेल्या लाह्या दुसऱ्या दिवशी विकू नका, मदतीला आलेल्यांना घरी न्यायला द्या. बंद खोकी दुकानदार परत घेईल का हे घेतानाच विचारून ठेवलेलं असलं तर पाण्याच्या बाटल्या मोकळ्या हाताने आणता येतात. आणि घरी जायच्या आधी वहीत चार ओळी लिहा: माणसं किती आली, प्रत्येक जिन्नस किती गेला, काय सगळ्यात आधी संपलं आणि किती वाजता. वेळ नक्की लिहा. पाणी मध्यंतराला संपलं असेल तर पुढच्या वेळी जास्त आणा. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच संपलं असेल तर दुप्पट आणा. संपलंच नसेल पण रांग दारापर्यंत गेली असेल, तर माल तेवढाच ठेवा आणि तिसरं टेबल मांडा.